खड्डा क्रमांक एकोणतीस

माझं काम रात्रीचं.
दोन वाजता, रिक्षे झोपले की
तांडापेठेत, जुन्या शुक्रवारीत
लोखंडी सळई रस्त्यावर टेकवते,
वरच्या टोकाला कान.
खाली नळ गळत असला तर
दातांतून शीळ घातल्यासारखं ऐकू येतं.
तिथं खडूनं फुली.
सकाळी मजूर खणतात. निघालं पाणी तर वहीत ‘ओला’,
नाही तर ‘कोरडा’, खाली माझी सही.
गेल्या वर्षी एकशे बारा फुल्या, एकतीस कोरड्या.
साहेब म्हणाले, कोरड्या कायले लिहिता मॅडम?
म्हटलं, मग ओल्यांवर तरी कोणी विश्वास कायले ठेवावा?

उपासराव धकात्यांनी मशीन घेतलं ते वैशाखात.
एक लाख ऐंशी हजार. गिरणीचे उरलेले, आणि बायकोचा गोफ.
पिस्तुलासारखी मूठ, पुढं दोन लांब दांड्या,
बाजूला एक बटण : सोनं, चांदी, तांबं, पोकळी.
विकणारा म्हणे, जर्मन आहे.
सेल कुठं टाकायचे, विचारलं.
‘सेल लागत नाहीत बाई. अंगातली वीज घेते.’

अंगणात, संडासामागं, दांड्या एकमेकींना चिकटल्या.
‘भोसल्यांच्या वेळचं असंल,’ उपासराव म्हणाले,
पण हळू, कोणी ऐकू नये म्हणून.
मी तेव्हा नळाचं बिल दाखवायला थांबलेली.

म्हटलं, दादा, एक खेळ करू.
दहा घमेली पालथी घातली.
माझी अंगठी एकाखाली, त्यांच्यासमोर ठेवली.
दांड्या सरळ तिकडे. दहापैकी दहा वेळा.
त्यांचा चेहरा असा उजळला
की मला पुढचं करावंसं वाटेना.

पण केलं. नात होती, किमया, नऊ वर्षांची.
तिनं लपवायची, आम्ही दोघं भिंतीकडं तोंड करून.
मीही बघायचं नाही,
माझ्या डोळ्यांतून त्यांना वाचता आलं तर?
मग किमयानं घरात जायचं, दार लावून.
दहा वेळा.
पहिल्यांदा रिकामं. दुसऱ्यांदा रिकामं.
पाचव्यांदा सापडली, तर उपासराव ओरडलेच, ‘पाहा!’
मग पुन्हा पाच वेळा माती.

दहात एक.
डोळे मिटून बोट ठेवलं असतं
तरी तेवढंच निघालं असतं, मी सांगितलं.
ते घाम पुसत म्हणाले,
‘तुमचा संशय लागला मशीनले.
विकणारानं सांगितलंच होतं,
संशयी मानूस जवळ नाही पायजे.’
आणि ते पाचवं घमेलं तेवढं
उचलून घरात घेऊन गेले.

तिसऱ्या रात्री फोन आला.
संडासामागं साडेचार फूट खणलं,
आणि सब्बल थेट सहा इंची लाइनीत.
कारंजं कवेलूंच्या वर.
अख्खी गल्ली बादल्या, गुंड, कुकरची भांडी घेऊन हजर,
किमया नाचत होती,
कोणीतरी म्हणालं, काका, खजिना निघाला ना बाप्पा!

मी व्हॉल्व्ह बंद केला. वहीत लिहिलं :
खड्डा क्रमांक एकोणतीस. ओला.
कारण : सोनं.
मग ‘सोनं’ खोडून ‘खासगी खोदकाम’ केलं.
साहेबांना ते चाललं असतं.

लोक गेल्यावर उपासराव चिखलात बसून होते,
धोतर गुडघ्यापर्यंत लाल.
मशीन मांडीवर.
माझ्या सळईकडं बघून म्हणाले,
‘बाई, तुमच्या सळईले सोनं ऐकू येते काय?’
‘नाही दादा. वाहत असलं तेवढंच ऐकू येते.
तेही तिनात एकदा चुकते.’

सळई त्यांच्या हातात दिली.
त्यांनी कान लावला. बराच वेळ.
मशीन मांडीवरून घसरलं ते त्यांनी उचललं नाही.
‘काहीतरी आहे खाली,’ म्हणाले.
‘शेजारच्या निमज्यांची टाकी भरून राहिली,’ मी म्हटलं,
‘पंप बंद करायले विसरले.’